घंटा वाजण्याआधी सांगा : सेन्सरी अडचणी असलेल्यांसाठी चर्च मोकळं करताना

सेन्सरी अडचणी, म्हणजे आवाज, उजेड, वास, स्पर्श अशा संवेदनांचा त्रास, असलेल्यांसाठी चर्चमध्ये काहीतरी करायचं ठरलं, तेव्हा आमच्या समितीने पहिल्याच बैठकीत खरेदीची यादी केली. कान झाकायचे सहा इअरमफ, हातात पिळायचे रबरी चेंडू, एक जाड सतरंजी आणि हे सगळं ठेवायला वेताची टोपली. टोपली दाराशी मांडली, वर छान अक्षरात पाटी लावली. दोन महिन्यांनी पाटीवर धूळ होती आणि सहाच्या सहा इअरमफ जागच्या जागी. शेवटी ज्यांच्या मुलासाठी हा खटाटोप चालला होता, त्या बाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, “आवाज मोठा असतो त्याचं एवढं नाही हो. तो कधी येणार ते कळत नाही. आणि आला की आम्ही बाकाच्या मधोमध अडकलेलो असतो.”

म्हणजे आधी कुणी सांगत नाही आणि बाहेर पडायला वाट नाही. हे दोन प्रश्न आमच्या यादीत कुठेच नव्हते. पुढे जे लिहिलंय ते मुख्यतः त्यांच्याभोवतीच आहे. वस्तू सगळ्यात शेवटी येतात. पाळक, फादर, संडे स्कूलच्या बाई, दाराशी उभे राहणारे स्वयंसेवक, माइक सांभाळणारी मुलं, यांपैकी कुणीही असाल आणि हे काम पहिल्यांदाच हातात घेत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

आधी थोडं समजून घेऊ

शाळेत आपण पाच इंद्रियं शिकलो. या विषयात आठ मोजतात. नेहमीची पाच, शिवाय तोल सांभाळणारं एक, स्नायू आणि सांध्यांवरून आपला हातपाय कुठे आहे ते कळवणारं एक, आणि भूक, तहान, लघवी, छातीतली धडधड अशा आतल्या खुणा टिपणारं एक. या सगळ्या खबरा मेंदूकडे जातात आणि मेंदू त्यांतल्या बहुतेक बाजूला टाकतो. अंगावरच्या कपड्याचा स्पर्श आतापर्यंत तुम्हाला जाणवत नव्हता, आता वाचलंत म्हणून जाणवला. काहींच्या बाबतीत ही चाळणी वेगळी चालते. दिव्याची गुणगुण, शेजारच्याचं अत्तर, कॉलरचं लेबल आणि प्रवचन, सगळं सारख्याच जोराने येऊन आदळतं.

जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टनी १९६० आणि ७०च्या दशकांत या विषयाचा पाया घातला. पुढे १९९७मध्ये विनी डन यांनी एक चौकट मांडली. चर्चच्या कामाला ती फार उपयोगी पडते, कारण ‘आवाज सहन न होणारे’ एवढ्यावर ती थांबत नाही. काहींना बारीकसारीक सगळं टोचतं आणि ते गप्प बसून सोसतात. काही टाळतात : उशिरा येतात, मागे बसतात, शेवटच्या गीताआधी निघून जातात. काहींना उलट जास्त हवं असतं. बाक हलवणारे, खांबाला पाठ घासणारे, घंटेच्या दोरीकडे ओढले जाणारे ते हेच. आणि काहींपर्यंत खबर उशिरा पोहोचते. सगळे उभे राहिले तरी ते बसलेले असतात आणि आपल्याला वाटतं, यांचं लक्षच नाही. एकच माणूस आवाजाला हळवा आणि हालचालीला भुकेला असू शकतो. तेव्हा ‘हा अमुक प्रकारचा’ असा शिक्का मारायची घाई नको.

ऑटिझमच्या, म्हणजे स्वमग्नतेच्या, निदानाच्या निकषांत संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद ही बाब २०१३ सालच्या डीएसएम-५ या अमेरिकन मानसोपचार-नियमावलीत आली. सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर असं स्वतंत्र निदान मात्र तिच्यात नाही. त्यामुळे तुमच्या दाराशी येणाऱ्या अनेकांकडे दाखवायला कागदच नसणार. एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलता) असलेले, मायग्रेनने बेजार झालेले, डोक्याला मार लागून उठलेले, विसरभोळेपणाचा आजार (डिमेन्शिया) जडलेले आजोबा, मोठ्या आघातातून आलेली माणसं, या सगळ्यांना हीच अडचण येऊ शकते. कागद मागू नका. कुणाला काही सिद्ध करावंच लागू नये, अशी व्यवस्था करा.

समितीत कुणी “चर्च म्हटलं की एवढा आवाज असणारच” म्हणालं, तर मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय काढा. बहिऱ्या-तोतऱ्या माणसाला बरं करण्याआधी येशूने त्याला गर्दीतून बाजूला नेलं होतं. वाद बहुधा तिथे मिटतो. (आमच्याकडे खजिनदारांसाठी आणखी एक बैठक लागली.)

पहिली पायरी : भरलेल्या चर्चमध्ये बसून पाहा

पाहणी सगळेच करतात, पण आठवड्यातल्या एखाद्या निवांत सकाळी, रिकाम्या इमारतीत. तिथे काहीच कळत नाही. पाहणी करायची ती उपासना चालू असताना. वही घ्या आणि तीन वेगवेगळ्या दिवशी तीन जागी बसा : पुढे स्पीकरजवळ, मधल्या बाकावर आणि शेवटी दारालगत. स्वतः सेन्सरी अडचणी असलेली एखादी प्रौढ व्यक्ती सोबत यायला तयार असेल तर उत्तमच, आणि त्यांच्या वेळेचं मानधन द्या. त्यांना पाच मिनिटांत जे खटकेल ते आपल्याला पाच वर्षांत दिसलेलं नसतं.

आवाजासाठी फोनवरचं डेसिबल मोजणारं अॅप पुरतं. आकडा काटेकोर नसतो, पण कुठे आणि कधी उडी बसते ते कळतं. साधं बोलणं साधारण ६० डेसिबलच्या आसपास असतं, आणि १० डेसिबल वाढले की कानाला आवाज ढोबळमानाने दुप्पट वाटतो. म्हणून ७० वरून ९० वर जाणं म्हणजे ‘थोडंसं वाढलं’ नव्हे. वहीत सगळ्यात मोठा आवाज नोंदवाच, पण सगळ्यात अचानक आलेलाही नोंदवा. आमच्या यादीत पहिला नंबर गायकवृंदाचा लागेल असं वाटलं होतं. लागला माइकच्या शिट्टीचा, आणि त्याखालोखाल पितळी दानपात्रात पडणाऱ्या नाण्यांचा. दानपात्राच्या तळाशी फेल्टचा गोल तुकडा चिकटवला आणि तो प्रश्न त्याच दिवशी संपला.

दुसरी गोष्ट घुमण्याची. दगडी भिंती, उंच छत आणि उघडी फरशी असेल तर शब्द विरायला वेळ लागतो. बोलणं स्पष्ट कळायला हा काळ एक सेकंदाच्या आसपास हवा. मोठ्या दगडी चर्चमध्ये तो सहज त्याच्या कितीतरी पट असतो. मग शब्द एकमेकांवर चढतात, ऐकू येत नाही म्हणून आपण आवाज वाढवतो आणि घुमणं आणखी वाढतं. उपाय उलटा आहे. समोर एकच मोठा स्पीकर लावण्यापेक्षा बाकांजवळ लहान स्पीकर लावून प्रत्येकाचा आवाज कमी ठेवा. जाड पडदे, बाकांवर गाद्या, मधल्या वाटेवर गालिचा यांनीही फरक पडतो. वाचणाऱ्यांना दोन वाक्यांमध्ये थांबायला शिकवा, त्याला तर काही खर्चच नाही.

उजेडाचं असं की जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० किंवा १२० वेळा लुकलुकतात. बहुतेकांना ते दिसत नाही, काहींचं मात्र डोकं धरतं. स्वस्त एलईडीही असाच त्रास देऊ शकतात. फोनवर स्लो-मोशन व्हिडिओ घ्या. चित्रात पट्टे धावताना दिसले तर तो दिवा बदलायच्या यादीत टाका. तोवर निदान एका बाजूच्या चार-पाच बाकांवरचे दिवे वेगळ्या बटणावर घ्या. पडद्यावर गीताचे शब्द दाखवत असाल तर मागे हलणारी चित्रं नकोत आणि पांढऱ्या धोप पार्श्वभूमीऐवजी फिकट रंग ठेवा.

वासाच्या बाबतीत धूप आणि फुलं लगेच आठवतात. फरशी पुसायच्या फिनेलकडे आणि स्वागताला उभ्या माणसांच्या अत्तराकडे कुणाचं लक्ष जात नाही. सफाई आदल्या दिवशी करा आणि स्वागताच्या स्वयंसेवकांना त्या दिवशी अत्तर न लावण्याची विनंती करा.

आणि स्वच्छतागृहात जाऊन याच. हात वाळवायचं यंत्र असेल तर ते सुरू करून मुलाच्या कानाच्या उंचीवर फोन धरा. कॅनडातल्या एका शाळकरी मुलीने अशी मोजमापं केली. काही यंत्रांचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो आणि मुलांच्या कानांच्या उंचीवर तो जास्त भरतो, हे तिने दाखवलं. २०१९मध्ये तिचा निबंध बालरोगशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. अनेक घरांतली मुलं केवळ या यंत्राच्या भीतीने उपासनाभर लघवी रोखून बसतात आणि मग ‘उगाच चुळबुळ करतोय’ असं ऐकून घेतात. यंत्र बंद करून कागदी रुमाल ठेवा. या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा, कारण याला समितीची मंजुरीही लागू नये.

दुसरी पायरी : आधी सांगा

नव्या माणसाला घरबसल्या कळलं पाहिजे : गाडी कुठे लावायची, दार कुठलं, आत गेल्यावर काय दिसेल, किती वेळ चालेल, कुठे बसायचं, उठून गेलं तर चालेल का. फोटो काढा. इमारत बाहेरून, दार, आतला पहिला देखावा, बाक, शांत खोली, स्वच्छतागृह. मग साधी वाक्यं लिहा. ‘सुरुवातीला सगळे उभे राहतात. मला बसून राहायचं असेल तर चालेल.’ अशा चित्रगोष्टींची पद्धत अमेरिकन शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वमग्न मुलांसाठी रुळवली. तिच्यातला महत्त्वाचा संकेत असा की ती माहिती देते, हुकूम देत नाही. ‘मी शांत बसेन’ असं मुलाच्या तोंडी घालू नका. ‘काही लोक शांत बसतात. मला हलावंसं वाटलं तर मी मागच्या मोकळ्या जागेत जाऊ शकतो’ असं लिहा. आणि फोटो भरलेल्या चर्चचेही घाला. रिकाम्या चर्चचा फोटो बघून आलेल्या मुलाला दोनशे माणसं दिसली तर ती त्याला फसवणूकच वाटते.

उपासनेचा क्रम छापत असाल तर त्यात तीन खुणा वाढवा : मोठा आवाज, अंधार किंवा झगझगीत उजेड, आणि स्पर्श. आमची खूण म्हणजे समासात काढलेली छोटी घंटा, दिवा आणि हात. मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिक उपासनेत, भाकर आणि द्राक्षारसाच्या परिवर्तनाच्या आधी आणि ख्रिस्तशरीर उंच धरताना वाजणारी घंटा हे ठरलेलं ठिकाण. तिथे आई मुलाच्या दंडावर आधीच हात ठेवू शकते. गंमत म्हणजे ही घंटा मुळात पूर्वसूचनेसाठीच आहे. आता मोठा क्षण येतोय, लक्ष द्या, असं भाविकांना सांगायला ती वाजवतात. त्या घंटेची पूर्वसूचना द्यायची एवढंच आपण विसरलो.

वर्षातले काही दिवस ठळक अक्षरात सांगायला हवेत. ईस्टरच्या जागरणात चर्च अंधारात असतं. मग मेणबत्त्या लागतात, आणि पवित्र गुरुवारपासून मुक्या असलेल्या घंटा महिमागीताला एकदम वाजतात. वर्षभर मिस्सा सुरळीत जमलेलं मूल त्या रात्री कोलमडू शकतं. पवित्र आठवड्यात जिथे टेनेब्रेची उपासना होते, तिथे एकेक मेणबत्ती विझवत नेतात आणि शेवटी अंधारात मोठा धडाम आवाज करतात. पुस्तक आपटून, बाक ठोकून, जशी रीत असेल तसा. रीत मोडायला मी सांगत नाही, तो आवाज अंगावर येण्यासाठीच असतो. पण दाराशी एका कागदावर ‘शेवटी अंधारात मोठा आवाज होईल’ एवढं लिहिल्याने त्याचं गांभीर्य कमी होत नाही. आम्ही हे पहिल्यांदा लिहिलं त्या वर्षी कागद वाचून मागे जाऊन उभे राहिलेले तीनही जण प्रौढ होते. त्यांतले दोघे वीस-वीस वर्षं येत असलेले.

उपासना चालवणाऱ्यालाही तोंडाने सांगता येतं. “आता आपण उभे राहू, ज्यांना बसायचंय त्यांनी खुशाल बसावं.” “आता दोन मिनिटं शांतता.” किती मिनिटं ते सांगा. शांतता कधी संपणार हे माहीत नसेल, तर काहींना ती आवाजाहून जड जाते.

तिसरी पायरी : वाट मोकळी ठेवा

बाकाची बाहेरची टोकं राखून ठेवा. पाटी लावायची नसेल तर दाराशी असणाऱ्याला सांगून ठेवा की ‘कडेची जागा हवी का?’ हे प्रत्येकालाच विचारायचं. सगळ्यांना विचारलं की कुणी वेगळं पडत नाही.

दार करकरत असेल तर बिजागरीला तेल घाला. हसू नका. बाहेर पडताना दार करकरतं, शंभर माना वळतात, म्हणून जागेवरच सोसत बसणारी माणसं मी पाहिली आहेत.

शांत खोली हवी, पण ती ‘रडणाऱ्या मुलांची खोली’ नको. तिथे आधीच आवाज असतो. छोटी खोली पुरते. उजेड मंद, भिंतीवर चित्रांची गर्दी नाही, जमिनीवर बसायची सोय, एक खुर्ची, पाणी. उपासनेचा आवाज तिथे ऐकू येत असेल तर तो कमी-जास्त करायचं बटण आतच हवं. आत बसलेल्याच्या हातात ते बटण असणं, हीच अर्धी मदत. दाराला आतून कडी नको, काच किंवा झरोका असावा, आणि मुलांच्या सुरक्षिततेचे जे नियम बाकी इमारतीला लावता ते इथेही लावा : अनोळखी मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत नको. खोली नसेल तर मागचा कोपरा पडद्याने आडोसा करून घ्या. तेही नसेल तर बाहेरच्या भिंतीलगत एक बाक टाका. एवढंही पुष्कळ आहे.

परत येणंही सोपं हवं. बाहेर गेलेला माणूस पुन्हा आत येतो तेव्हा कुणी “बरं वाटतंय ना आता?” म्हणत पुढे धावू नये. त्याची जागा रिकामी असावी, बस्स.

दाराशी उभी असलेली माणसं

प्रशिक्षणाचा बाऊ करू नका, एक तास पुरतो. शिकवायचं ते हे : हात आपणहून पुढे करायचा नाही. नमस्कार करा, मान हलवा, आणि समोरचा हात पुढे करेल तर तुम्ही करा. मुलाच्या डोक्यावर, गालावर हात नाही, आशीर्वाद देतानाही विचारून. बोलताना नजरेला नजर मिळालीच पाहिजे असा आग्रह नाही. प्रश्न एका वेळी एक, आणि उत्तरासाठी थांबायचं. शांततेत पाच सेकंद फार लांब वाटतात, तरी थांबायचं.

आणि कुणी कोलमडलं तर? याला हट्ट समजू नका. हट्टी मूल काहीतरी मागत असतं आणि तुम्ही पाहताय का ते बघत असतं. संवेदनांचा भार झालेल्या मुलाला, किंवा मोठ्या माणसालाही, आसपास कोण आहे हेही कळत नसतं. त्या वेळी बोलणं हा आणखी एक आवाज असतो. जवळच्या दोघांनी तिघांनी सरकून जागा करा, दिवा मंद करता येत असेल तर करा, सोबतच्या माणसाला हळूच एकच प्रश्न विचारा : “काय करू?” बाकीच्यांचं काम पुढे पाहणं. काही जण आरडाओरडा न करता एकदम मिटून जातात, बोलत नाहीत, हलत नाहीत. ते लक्षात येणं कठीण, म्हणून स्वयंसेवकांना हेही सांगा.

पाळकांनी किंवा फादरांनी अशा वेळी वाचन चालू ठेवावं. थांबलं की सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं. नंतर मंचावरून “आपण या कुटुंबासाठी प्रार्थना करू” असं जाहीर करू नये. हेतू चांगला असतो, पण ते कुटुंब पुढच्या वेळी येत नाही.

पाणी, तेल, भाकर, राख

इथे लोक सर्वांत जास्त घाबरतात, कारण विधीला हात लावायचा कसा असं वाटतं. प्रत्यक्षात परंपरेत बरीच मोकळीक आधीपासून आहे. आधी तीच पाहा.

बाप्तिस्म्याचं पाणी घ्या. डिडाखे या पहिल्या किंवा दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती लिखाणात सांगितलंय की वाहतं पाणी नसेल तर दुसरं घ्या, थंड चालत नसेल तर कोमट घ्या, आणि तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. कोमट पाण्याची सवलत इतकी जुनी आहे. पाणी कोमट करा, ओतायच्या भांड्याने घरी सराव करायला सांगा, टॉवेल कुटुंबाच्याच ओळखीचा आणायला सांगा. बाळासाठी खरखरीत नवा झगा हट्टाने नको. आतून मऊ सुती कपडा आणि झगा फक्त त्या क्षणापुरता वरून, असंही करता येतं.

कम्युनियनमध्ये, म्हणजे प्रभुभोजनात, अडचण पोताची असते. ख्रिस्तशरीराची कोरडी पातळ चकती टाळूला चिकटते, आणि काहींना तेवढ्याने उमळून येतं. कॅथलिक कायद्याच्या ९२५व्या कलमानुसार गरज असेल तिथे केवळ द्राक्षारसाच्या रूपातही कम्युनियन देता येतं. अगदी छोटा तुकडा दिला तरी ते पूर्ण कम्युनियनच असतं. फादरांशी आधी बोला आणि अभिषेक न झालेल्या चकत्या सरावाला मागून घ्या. पहिल्या कम्युनियनच्या वर्गातल्या एका मुलीने घरी आठवडाभर रोज एक चकती हातात नुसती धरली. मग ओठाला लावली, मग जिभेवर. त्या दिवशी तिला काहीच झालं नाही, शेजारच्या मुलाला मात्र खोकल्याची उबळ आली. इतर मंडळ्यांमध्ये भाकरीचा प्रकार आणि पेला निवडायची मुभा बहुधा असते. प्रभुभोजन बाकावर आणून दिलं तर रांगेतली धक्काबुक्कीही टळते.

दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) पवित्र तेलात सुगंधी द्रव्य असतं, तेव्हा आधी वास घेऊन पाहू द्या. राखेच्या बुधवारी कपाळावर खरखरीत काहीतरी दिवसभर राहणं काहींना अशक्य होतं. कपाळाऐवजी डोक्यावर राख भुरभुरवणं हाही मान्य प्रकार आहे. २०२१च्या साथीत व्हॅटिकनने सगळ्या जगाला तसंच करायला सांगितलं होतं. शांतीची खूण रोमन विधीत ऐच्छिक आहे, आणि ती हात हातात घेऊनच द्यायची असंही नाही. मान लववली तरी पोहोचते. धूपही मिस्सामध्ये ऐच्छिक आहे. महिन्यातल्या कोणत्या मिस्सामध्ये धूप नसेल ते आधी छापा आणि तो शब्द पाळा. एकदा मोडला तर आधी कधीच छापला नसता तर बरं, असं होतं. पाय धुण्याच्या विधीत नावं आयत्या वेळी पुकारू नका. पाणी, टॉवेल आणि परक्याचा हात, तिन्ही एकदम येतात.

ज्यांना जास्त हवं असतं त्यांच्यासाठी

सगळं मंद आणि शांत केलं की काम झालं असं वाटतं, पण हालचालीला भुकेलेली माणसं तेव्हाच जास्त बेचैन होतात. त्यांना काम द्या, आणि वजनाचं द्या. गीतपुस्तकांचा गठ्ठा उचलून बाकाबाकावर ठेवणं, खुर्च्या सरकवणं, जड दार धरून उभं राहणं. स्नायूंवर ताण आला की अनेकांचं अंग निवतं, पुढचा अर्धा तास बसवतं. मागे दोन-तीन मीटर मोकळी जागा ठेवा, तिथे उभं राहून डुलता येईल, चकरा मारता येतील. संडे स्कूलमध्ये गोष्ट सांगण्याआधी भिंत ढकलायचा खेळ घ्या, बायबलमधल्या कोसळणाऱ्या यरीहोच्या भिंतीच्या गोष्टीसाठी तर तो ठरवून ठेवल्यासारखाच आहे.

वेगळी उपासना घ्यावी का?

महिन्यातून एकदा छोटी, मंद उजेडाची, बिनस्पीकरची उपासना घेणाऱ्या मंडळ्या आहेत. पहिल्यांदा येणाऱ्यांना ती बरी पडते आणि ज्यांना नेहमीची कधीच झेपणार नाही त्यांना तोच आधार असतो. पण माझा अनुभव असा की वेगळी सुरू झाली की नेहमीच्या उपासनेतल्या सुधारणा थांबतात. “त्यांच्यासाठी आहे की चौथ्या रविवारची.” मग भाऊ एका उपासनेला आणि बहीण दुसऱ्या. म्हणून आधी नेहमीची सुधारा, वेगळी मागाहून. आणि वेगळी घेतलीत तर ती सगळ्यांना खुली ठेवा. आमच्याकडे तिला नेमाने येणाऱ्यांत निम्म्या तर नुसती शांतता हवी असलेल्या आज्या आहेत.

आता टोपली

इअरमफ ठेवा, दोन मापांचे, आणि दर वेळी पुसा. हातातल्या वस्तू आवाज न करणाऱ्या निवडा, टकटक करणारी बटणं शेजारच्याला वेड लावतात. मांडीवर ठेवायची वजनदार उशी काहींना आवडते. ज्याच्या मांडीवर ती आहे त्याला स्वतःहून उचलून बाजूला ठेवता आली पाहिजे, एवढी अट पाळा, आणि तान्ह्या बाळांना ती नकोच. टोपली पाटीसह दाराशी मांडण्यापेक्षा पाचसहा बाकांच्या टोकाला लहान पिशव्या अडकवा. दाराशी सगळ्यांसमोर वाकून इअरमफ उचलायला धीर लागतो, बाकाशेजारच्या पिशवीत हात घालायला लागत नाही.

सुरुवात कुठून करायची असा प्रश्न पडला असेल तर येत्या रविवारी तीनच कामं करा. हात वाळवायचं यंत्र बंद, कडेच्या जागेबद्दल प्रत्येकाला विचारणं, आणि घंटा-अंधार-स्पर्शाच्या खुणा केलेला एक कागद. पाहणीसाठी पुढचा महिना घ्या. दर तीन महिन्यांनी ज्यांच्यासाठी चाललंय त्यांनाच विचारा, शक्यतो लिहून, कारण समोरासमोर लोक “छान आहे सगळं” म्हणतात. दिवे बदलायला वर्ष लागलं तरी चालेल.

आमची टोपली आता पिशव्यांमध्ये वाटली गेली आहे. सहा इअरमफांतले चार उरलेत. दोन कुणीतरी घरी नेले, आणि आम्ही ते परत मागितलेले नाहीत.